परदेशी जावई आणि बहिणीची सही

मुलगी परदेशी माणसाशी लग्न करून निघाली की आमच्या पिंपळगाव बसवंतला तीन प्रश्न ठरलेले असतात. त्यांच्यात जातपात असते का, जावई खातो-पितो काय, आणि पोरांची नावं काय ठेवणार. चौथा प्रश्न कुजबुजीतला असतो: यांचं जमलं कुठं? या चारांपैकी एकाचंही उत्तर त्या मुलीच्या पोटापाण्याच्या कामाचं नाही.

निफाड तालुक्यातलंच एखादं स्थळ आलं असतं, तर हीच माणसं चार दिवसांत मुलाचा सातबारा, आठ-अ, सोसायटीचं कर्ज, विहिरीला उन्हाळ्यात पाणी किती, भाऊ किती, बहिणींची लग्नं झाली की राहिली, सगळं काढून आणतात. बाजार समितीत टोमॅटोचे कॅरेट उतरवता उतरवता मुलाच्या व्यसनापर्यंतची माहिती मिळते. पण जावई गोरा निघाला की ही सगळी चौकशी बंद पडते. काही घरांत रागानं बंद पडते, "तिचं तिनं ठरवलंय ना, मग बघेल." काही घरांत कौतुकानं बंद पडते, "युरोपातला माणूस, त्याला काय विचारायचं!" दोन्हीकडे मुलीच्या वाट्याला सारखंच येतं.

मी तलाठी होतो. आता सरकारनं त्या पदाला ग्राम महसूल अधिकारी असं नाव दिलंय, पण गावाच्या तोंडी अजून भाऊसाहेबच आहे. निवृत्त झालो तरी लोक कागद घेऊन ओट्यावर येतात. मोजणीचे वाद, वारस नोंदी, पोटहिस्से, हे नेहमीचं. अलीकडे त्यात एक नवी भर पडली आहे. मुलगी शिकायला किंवा नोकरीला बाहेर गेली, तिकडच्या माणसाशी लग्न केलं किंवा करणार आहे, आणि भाऊ माझ्यासमोर बसून विचारतो, "भाऊसाहेब, तिनं इथं येऊनच सही करायला पाहिजे, की तिकडून चालेल?" कसली सही ते त्याला सांगावं लागत नाही आणि मला विचारावं लागत नाही. हक्कसोडपत्राची.

माझं म्हणणं सरळ आहे. परदेशी माणसाशी लग्न करून जाणाऱ्या मुलीकडून हक्कसोड लिहून घेऊ नये. कुठल्याच मुलीकडून घेऊ नये असं माझं मत आहे, आणि माझ्या स्वतःच्या सातबाऱ्यावर दोन्ही बहिणींची नावं आहेत (त्यावरून घरात बोलणीही खाल्ली आहेत). पण जवळच्या गावात दिलेल्या मुलीचं एक वेळ समजू शकतो. ती भांडून, रुसून, पोरं काखेत मारून दोन तासांत माहेरी येते, पंच बसतात, काहीतरी निघतं. परक्या देशात नवऱ्याच्या नावावर मिळालेल्या परवान्यावर राहणाऱ्या मुलीला पंच नसतात. तिच्यासाठी इथला एक कागद शाबूत असणं फार मोलाचं असतं, आणि नेमका तोच कागद आपण विमानाच्या तिकिटाआधी काढून घेतो.

हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही. माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी, माझी भाची, एका डच माणसाशी लग्न करून गेली. ती इथल्या एका पॅकहाऊसमध्ये द्राक्षांच्या क्वालिटीचं काम करायची. तो तिकडच्या फळं घेणाऱ्यांच्या बाजूनं हंगामात माल बघायला यायचा. मण्यांचा आकार, साखर, देठाचा हिरवेपणा यांवर दोघांची वादावादी व्हायची, तिथूनच पुढे गेलं म्हणे. गावात एकानं मला तोंडावर विचारलं, "भाऊसाहेब, द्राक्षं एक्स्पोर्ट करता करता पोरगीपण केली का?" मी हसलो. दाजी असते तर हसले नसते. ते कोरोनात गेले. त्यांच्या मागं वारस नोंद झाली आणि वडिलोपार्जित बागेच्या सातबाऱ्यावर तीन नावं चढली: माझी बहीण, भाचा आणि भाची. तिसरा-तिसरा हिस्सा.

लग्न ठरल्यावर कागद सुरू झाले आणि त्यात एक गंमत निघाली. डच सरकारला जन्मदाखला हवा, त्यावर अपोस्टिलचा शिक्का हवा. अपोस्टिलचा करार भारताला २००५ पासून लागू आहे, त्यामुळे वकिलातीच्या फेऱ्या वाचतात, पण मूळ दाखला तरी नीट पाहिजे ना! गावच्या जन्मनोंदीत तारीख होती, आईबापाचं नाव होतं, आणि बाळाच्या नावाची जागा कोरी होती. लिंग, स्त्री. एवढंच. आपल्याकडे त्या वयाच्या कितीतरी मुलींच्या आणि मुलांच्याही नोंदी अशाच आहेत. नाव घरात ठेवलं, शाळेत लावलं, नोंदीत चढवायला कुणी गेलं नाही. मी शाळेचा दाखला, आधार, आईचं प्रतिज्ञापत्र जोडून नाव चढवून घेतलं. आणि ज्या महिन्यात त्या पोरीचं नाव जन्माच्या नोंदीत पहिल्यांदा लागलं, त्याच महिन्यात भाच्यानं सातबाऱ्यावरून ते कमी करायचा विषय काढला.

त्याच्याकडे नंतर वळतो. आधी तिकडच्या सरकारनं काय काय विचारलं ते सांगतो, कारण ते आपण विचारायला हवं होतं.

नेदरलँड्समध्ये लग्नाच्या आधारावर राहायला जायचं तर निघण्यापूर्वीच परीक्षा द्यावी लागते. २००६ च्या मार्चपासून हा नियम आहे. वाचन, बोलणं आणि तिथल्या समाजाची माहिती, असे तीन भाग. भाषा अगदी सुरुवातीच्या पायरीची, पण डच. अमेरिका, जपान, ऑस्ट्रेलिया अशा काही देशांच्या लोकांना सूट आहे, आपल्याला नाही. फी तिन्ही भागांची मिळून दीडशे युरो. समाजाच्या माहितीचे शंभर प्रश्न चित्रांसकट आधीच देऊन ठेवतात, त्यातले तीस विचारतात. माझी भाची ऐन हंगामात दिवसा पेट्या तपासायची आणि रात्री कानात इअरफोन घालून घशातून खरखर आवाज काढत बसायची. बहिणीला वाटायचं पोरीला सर्दी झालीय. ते शंभर प्रश्न मीही वाचले. नवऱ्यानं मारलं तर काय करायचं, मुलाला शाळेत कधी घालायचं, डॉक्टर कसा गाठायचा, नोकरीसाठी काय करायचं. आपल्या पाठवणीच्या वेळी मुलीला जे सांगतात त्याच्याशी ताडून बघितलं. आपण "सांभाळून घे" एवढंच सांगतो.

नवऱ्यालाही सोडत नाहीत. त्याला दाखवावं लागतं की त्याची कमाई तिथल्या किमान वेतनाइतकी आहे आणि ती टिकणारी आहे. पगाराची चिठ्ठी, नोकरीचा करार, सगळं. माझी बहीण जावयाला पगार विचारायला लाजत होती. "दादा, बरं दिसत नाही." मी म्हटलं, तुझ्या लाजेत काही अर्थ नाही, त्याच्या सरकारनं आधीच विचारलंय. मग मीच विचारलं. त्यानं शांतपणे कागद काढून टेबलावर ठेवले. त्याला त्यात काही वावगं वाटलं नाही. उलट मी घर कुणाच्या नावावर आहे हे विचारल्यावर त्यानं जे सांगितलं ते ऐकून घरातल्या सगळ्यांचे चेहरे उतरले, कारण घर त्याचं होतं, लग्नाआधी घेतलेलं, आणि लग्नानंतरही त्याचंच राहणार होतं.

नेदरलँड्समध्ये पूर्वी लग्न झालं की नवरा-बायकोचं सगळं एकत्र धरलं जायचं. १ जानेवारी २०१८ पासूनच्या लग्नांना तसं नाही. वेगळा करार केला नसेल तर लग्नानंतर जे कमावलं ते दोघांचं. लग्नाआधी जे ज्याचं होतं ते त्याचं, आणि वारसानं किंवा बक्षीस म्हणून जे मिळेल तेही ज्याचं त्याचं. आता याचा हिशोब मांडा. मुलगी तिकडे राहते ते घर तिचं नाही. उद्या वेगळं व्हायची वेळ आली तर त्या घरावर तिला पाय रोवता येणार नाही. तिच्या एकटीच्या नावावर जे राहू शकतं ते म्हणजे वारसानं आलेलं, म्हणजे आमच्या शिवारातली ती बाग. तिकडचा कायदा म्हणतो ते तिचंच आहे, नवऱ्याचा त्यावर हक्क नाही. आणि इकडे सख्खा भाऊ म्हणतो, सोड.

परवान्याचीही तीच तऱ्हा. राहण्याचा परवाना नवऱ्याच्या नात्यावर मिळतो. पाच वर्षं झाली आणि तिथली भाषेची पुढची परीक्षा पास झाली, की स्वतःच्या पायावरचा परवाना मागता येतो. त्याआधी संसार मोडला तर परवाना काढून घेतला जाऊ शकतो. मारहाणीसारख्या प्रकरणांत वेगळा विचार करतात, हे खरं, पण ते सिद्ध करायला परक्या भाषेत उभं राहावं लागतं. माझ्या भाचीचा नवरा चांगला माणूस आहे. मला त्याच्याविषयी एक शब्द वाईट बोलायचा नाही. दाजीही चांगलेच होते, तरी वडिलांनी माझ्या बहिणीचं नाव आमच्या सातबाऱ्यावर ठेवलंच होतं. नवरा वाईट निघेल या भीतीनं जमीन ठेवायची नसते. तो आजारी पडू शकतो, त्याची नोकरी जाऊ शकते, तो मरू शकतो.

एक मात्र कबूल करायला हवं की डच माणसाची बायको म्हणून गेलेल्या मुलीला तिकडे पहिल्या दिवसापासून नोकरी करता येते, वेगळी परवानगी लागत नाही. अमेरिकेत एच-वनवाल्याची बायको म्हणून एच-फोरवर गेलेल्या आपल्याच मुली बघा. इंजिनिअर होऊन वर्षानुवर्षं घरात बसल्या. २०१५ पासून त्यांतल्या काहींना कामाची परवानगी मिळायला लागली, तीही नवऱ्याच्या ग्रीन कार्डाची फाईल पुढे सरकली असेल तर. तेव्हा परदेशी नवरा जास्त धोक्याचा आणि आपल्यातला एनआरआय कमी धोक्याचा, असं जे आमच्याकडे बोललं जातं त्यात तथ्य नाही. धोका कुणाच्या रक्तात नसतो, तो कागदात असतो.

आणि कागद बघायची सवय आम्हाला नाही असंही नाही. द्राक्षाची पेटी रॉटरडॅमला जायची तर बागेची नोंदणी लागते, फवारणीची वही लागते, प्रयोगशाळेतून अंशतपासणी लागते. २०१० साली क्लोरमेक्वॅट क्लोराईडचा अंश सापडला म्हणून युरोपात माल अडकला आणि नाशिक जिल्ह्यातली घरंच्या घरं कर्जात गेली. त्यानंतर आमचा कुठलाही शेतकरी "एवढे प्रश्न कशाला" असं म्हणत नाही. पाच किलोच्या पेटीसाठी एवढी तपासणी अंगवळणी पडलेला हा तालुका मुलीच्या वेळी मात्र म्हणतो, नशिबात असेल ते.

आता थोडं मागं जातो. परक्या देशातल्या जोडीदाराकडे राहायला जाणं हे आजचं नाही. पुण्यातली दोन घरं मला या विषयावर नेहमी आठवतात. ज्ञानकोशकार श्रीधर व्यंकटेश केतकरांची ओळख लंडनमध्ये एडिथ कोहन नावाच्या जर्मन ज्यू बाईंशी झाली. १९२० मध्ये त्या पुण्याला आल्या, व्रात्यस्तोमाचा विधी होऊन हिंदू झाल्या, शीलवती केतकर म्हणून उभं आयुष्य इथं काढलं. त्यांच्याविषयी लिहिताना लोक नेहमी नऊवारीचं, मराठी बोलण्याचं, ब्राह्मणी स्वयंपाकाचं कौतुक करतात. मला ते कौतुक अर्धवट वाटतं. केतकरांनी ज्ञानकोशापायी सगळं ओतलं होतं, शेवटची वर्षं ओढगस्तीची होती, आणि १९३७ मध्ये ते गेले. तेव्हा या बाईंना माघारी जायला जागा कुठली होती? त्या काळच्या जर्मन कायद्यानं परक्याशी लग्न करणाऱ्या बाईचं नागरिकत्व जायचं. आणि १९३७ च्या जर्मनीत ज्यू घरातल्या मुलीनं कुठं जायचं? त्यांच्याजवळ होतं ते स्वतःचं शिक्षण. विंटरनित्झ या पंडितानं जर्मनमध्ये लिहिलेला भारतीय वाङ्मयाचा इतिहास त्यांनी इंग्रजीत आणला, कलकत्ता विद्यापीठानं तो छापला, पहिला खंड १९२७ साली. १९३३ च्या दुसऱ्या खंडावर त्यांच्या नावाशेजारी मिस एच. कोहन असं आणखी एक नाव आहे. माहेरचं आडनाव. तेवढंच माहेर त्या पानावर उरलेलं दिसतं.

दुसरं घर रँग्लर परांजप्यांचं. त्यांची मुलगी शकुंतला केंब्रिजला गणित शिकली, युरोपात राहिली, युरा स्लेप्टझॉफ या रशियन चित्रकाराशी तिनं लग्न केलं. ते टिकलं नाही. मार्च १९३८ मध्ये मुलगी झाली ती लखनौला, कारण रँग्लर तेव्हा लखनौ विद्यापीठाचे कुलगुरू होते. ती मुलगी म्हणजे सई परांजपे. पुढे रँग्लर ऑस्ट्रेलियात हाय कमिशनर झाले तेव्हा नातही तिकडे वाढली. शकुंतलाबाई संततिनियमनाच्या कामात पडल्या, विधान परिषदेवर गेल्या, राज्यसभेवर गेल्या, १९९१ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळालं. त्या बाईंची हुशारी आणि धाडस कुणी नाकारणार नाही. पण मोडलेल्या लग्नातून कडेवर मूल घेऊन उठलेल्या बाईला विधान परिषदेपर्यंत जायला मधली काही वर्षं बापाच्या घराचं दार उघडं लागतं. रँग्लरांनी ते उघडं ठेवलं.

सालं शेजारची आहेत म्हणून ही दोन नावं एकत्र घेतली. एकीला माघारीची वाट होती, एकीला नव्हती. त्यात दोघींचा स्वतःचा दोष किंवा गुण काही नव्हता. माझ्या पेशातल्या माणसाला एवढंच दिसतं की रँग्लरांच्या घरी ही गोष्ट बापाच्या स्वभावावर होती. आज ती स्वभावावर सोडायची गरज नाही. महाराष्ट्रानं २२ जून १९९४ पासून अविवाहित मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलाबरोबरीचा हक्क दिला. ९ सप्टेंबर २००५ पासून देशभर सगळ्या मुलींना तो मिळाला. ऑगस्ट २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं विनीता शर्मा खटल्यात सांगितलं की हा हक्क जन्मानं येतो, २००५ मध्ये बाप जिवंत होता की नव्हता हे बघायचं कारण नाही. एवढं सगळं वरून खाली आलं, आणि खाली आमच्याकडे नाममात्र मुद्रांकाच्या एका दस्तानं परत वर गेलं. नोंदणीकृत दस्त आला की तलाठ्याला फेरफार धरावा लागतो. त्यात "स्वखुशीनं" हा शब्द असतोच. नोटिशीच्या पंधरा दिवसांत हरकत घ्यायला एकही बहीण येत नाही, कारण हरकत घेतली तर दिवाळीला कुठं जायचं?

परदेशी जावयाच्या बाबतीत तर आणखी अफवा जोडल्या जातात. पहिली: रजिस्टर लग्न केलं की मुलीचा हक्क जातो. १९५४ च्या विशेष विवाह कायद्याखाली हिंदू मुलीनं परधर्मीयाशी लग्न केलं तर ती एकत्र कुटुंबातून वेगळी झाली असं कायदा धरतो, हे खरं. पण वेगळी झाली म्हणजे हिस्सा वेगळा झाला, हिस्सा बुडाला नाही. धर्म किंवा जात सोडली म्हणून वारसा तुटत नाही हे तत्त्व आपल्याकडे १८५० पासून आहे. दुसरी अफवा: गोरा जावई येऊन जमीन बळकावेल. तो शेतजमिनीचा एक गुंठाही विकत घेऊ शकत नाही. लग्नाला दोन वर्षं झाल्यावर त्याला ओसीआय कार्ड मिळू शकतं, पण ओसीआयवाल्यालाही शेतजमीन खरेदी करता येत नाही. फार काय, माझी भाची स्वतः तिकडे स्थायिक झाली की तिलाही इथं नवी शेतजमीन घेता येत नाही. जे वारसानं आलं तेच राहतं. उद्या तिनं डच नागरिकत्व घेतलं, आपला पासपोर्ट परत केला, तरी वारसाची जमीन जात नाही. म्हणून तर म्हणतो, एकदा सोडली की परत मिळवायचा रस्ता बंद आहे. जवळच्या गावी दिलेली बहीण निदान नंतर पैसे साठवून दोन एकर घेऊ तरी शकते.

तिसरं जे बोललं जातं ती अफवा नाही, ते खरं आहे. तिची पोरं वारस होतील. होतीलच. भाच्याची होतील तशीच. कुणाला त्याची काळजी वाटत असेल तर मृत्युपत्र करायची सोय भाऊ-बहीण दोघांनाही आहे.

आता भाच्याचं ऐकू, कारण तो लबाड नाही. तो मला म्हणाला, "मामा, मला तिचा वाटा खायचा नाही. पण सोसायटीचं कर्ज दरवर्षी नवं-जुनं करायचं. इकरारावर सगळ्या खातेदारांची सही मागतात. अवकाळीचं अनुदान आलं की संमतीपत्र मागतात. पीकविम्याला मागतात. ती काय दर वेळी हॉलंडहून उडत येणार?"

हा प्रश्न हसण्यावारी न्यायचा नाही. सामाईक खात्यावर बाहेर गेलेल्या बहिणीच्या सहीअभावी अडलेले भाऊ मी नोकरीत असताना पाहिलेत, आणि त्यातूनच पुष्कळ हक्कसोडपत्रं जन्माला येतात. लोभापेक्षा कंटाळ्यानं. तेव्हा बहिणीच्या हक्काविषयी भाषण करणाऱ्यांनी भावाच्या सहीचा प्रश्नही सोडवून द्यावा. आम्ही तो असा सोडवला. भाचीनं निघण्यापूर्वी भावाच्या नावे मुखत्यारपत्र केलं, नोंदवून. त्यात काय काय करता येईल ते एकेक लिहिलं: पीककर्ज आणि त्यापुरता इकरार, रकमेची मर्यादा घालून; अनुदान, विमा, पंचनामा, वीज जोडणी, हंगामाचा माल विकणं. आणि काय करता येणार नाही तेही लिहिलं: विक्री, बक्षीस, हक्कसोड, मर्यादेबाहेरचं गहाण. दुय्यम निबंधकाच्या कार्यालयाबाहेर बसणारे छापील "सर्वाधिकार" मुखत्यारपत्र पुढे करतात, ते घेऊ नये. मुलगी आधीच निघून गेली असेल तरी अडत नाही. तिकडे आपल्या वकिलातीत किंवा अपोस्टिल करून तिनं ते पाठवावं आणि इथं पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत मुद्रांक भरून घ्यावा. ज्यांना सामाईकच नको त्यांनी महसूल कायद्याच्या कलम ८५ खाली तहसीलदारांपुढे संमतीनं वाटप करून घ्यावं. भावाचं कर्ज भावाच्या गटावर, बहिणीचा गट बहिणीचा. कोर्टात जायचं काम नाही.

बहिणीला हे पटायला वेळ लागला. तिला वाटत होतं मी भावा-बहिणीत कागद घालतोय. माझ्या मते कागद नसला की माणसं मध्ये येतात. शेवटी तिनं एकच विचारलं, "दादा, तिचं नाव राहिलं तर ती येत राहील ना?" याचं उत्तर महसूल अधिनियमात नाही, त्यामुळे मी दिलं नाही.

रजिस्टर लग्न नाशिकला झालं. नोटीस लागली, तीस दिवस बोर्डावर राहिली, आमच्या गावच्या काही रिकामटेकड्यांनी जाऊन वाचलीही. हरकत कुणाची आली नाही. नंतर गावात साधा विधी केला, मामा म्हणून मी मागं उभा राहिलो, जावयाच्या आईनं अक्षता नवरीला सोडून माझ्याच डोक्यावर टाकल्या. भाचीला आता तिकडे फळांच्या गोदामात काम मिळालंय. आमच्याकडून गेलेल्या पेट्या ती उघडते आणि भावाला दोष कळवते.

गेल्या ऑक्टोबर छाटणीनंतर पाऊस थांबेना. भाच्यानं घड जिरल्याचे, चिखलात रुतलेल्या ट्रॅक्टरचे फोटो बहिणीला पाठवले, आणि खाली लिहिलं की तिसरा हिस्सा आहे तर औषधांच्या बिलात आणि प्लॅस्टिकच्या आच्छादनाच्या खर्चातही तिसरा हिस्सा पाठव. तिनं उलट कळवलं, आधी मागच्या हंगामाचा पट्टीसकट हिशोब पाठव, मग बोलू. आता दोघांचं त्या हिशोबावरून जुंपलंय. भाचा परवा माझ्याकडे तणतणत आला. "मामा, तुम्हीच तिचं नाव ठेवायला लावलं. आता ती मला पट्ट्या मागते!"

मी म्हटलं, पट्ट्या दे. आणि तिनं पैसे नाही पाठवले तर रीतसर नोटीस काढ. पत्ता माझ्याकडे आहे.